भिंतीतला आमचा वाटा

"तात्या, आधी पाणी सांगा," असं म्हणत माणिकशेठ विहाराच्या पायरीवर बसले.

माणिकशेठ वाघोले आमच्या वस्तीत आले की पहिलं पाणी मागायचे, तहान असो वा नसो. चारचौघांदेखत आमच्या तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायचे, मिशी पुसायचे आणि मग कामाचं काढायचे. त्यांचे वडील वस्तीची वाट टाळून बांधाबांधानं जायचे हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळं त्या तांब्याभर पाण्याचं आमच्याकडे भारी कौतुक. मलाही होतं, उगाच खोटं कशाला बोलू.

त्या संध्याकाळी पाणी पिऊन झालं तरी शेठ लवकर बोलेनात. त्यांच्या हातात एक निळी पट्टी होती, शाळेच्या पाटीएवढी, दोन्ही अंगांनी चिकट. मी लांबूनच ओळखली. त्यांच्या पॉलीहाऊसमध्ये असल्या पट्ट्या टांगायचं आणि भरल्या की बदलायचं काम माझंच होतं.

"हे काय दिसतंय?" शेठनी पट्टी तात्यांपुढं धरली.

रावजी तात्या म्हणजे आमच्या विहाराच्या समितीचे अध्यक्ष. रेल्वेत गँगमन होते. निवृत्त झाल्यापासून वस्तीतली सगळी भांडणं मिटवायची जबाबदारी त्यांनी न सांगता अंगावर घेतली होती. त्यांनी चष्मा पुसला, पट्टी डोळ्यांजवळ नेली.

"बारीक काहीतरी हाय. धूळ का?"

"धूळ नाही, थ्रिप्स आहेत. विशाखा, सांग की त्यांना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "फुलकिडे," मी म्हणाले. "फुलांत असतात."

एवढंच बोलले, पण फुलकिड्यांबद्दल मी तेव्हा दिवसभर बोलू शकले असते. इतका बारीक किडा की त्याच्यापुढं मुंगी म्हैस वाटावी. जरबेऱ्याच्या पाकळ्यांच्या बेचक्यात दडून बसतो, पाकळी ओरखडतो आणि वर आलेला रस पितो. लाल फुलावर पांढरे चरे उठतात. फूल मरत नाही, वाकत नाही, फक्त विकलं जात नाही. नवरी-नवऱ्याच्या खुर्चीमागं ओरखडलेलं फूल कोण लावणार? आणि दिवस एप्रिलचे, लग्नसराई ऐन भरात. शेठचा जीव टांगणीला लागला होता हे मी रोज डोळ्यांनी पाहत होते. तो माणूस नाटक करत नव्हता.

"ह्या किड्याला निळा रंग लांबून दिसतो," शेठ सांगू लागले. "म्हणून तर पट्टी निळी असते. निळं दिसलं की झेपावतो." मग त्यांनी मान वळवली आणि विहाराच्या भिंतीकडे पाहिलं. त्यांच्याबरोबर आम्हीही पाहिलं.

ती लांब भिंत आम्ही आदल्याच दिवशी, रविवारी, रंगवली होती. जयंती तोंडावर आली होती. आमच्यात एक रीत आहे. विहार बांधला तेव्हा प्रत्येक घरानं भिंतीतला आपापला वाटा उचलला, विटा आपल्या आणि मजुरीही आपली. तेव्हापासून दर वर्षी जयंतीआधी ज्याचा वाटा त्यानं रंगवायचा. दुसऱ्याच्या वाट्याला कुणी ब्रश लावायचा नाही. प्रत्येक घर आपापला डबा आणतं, त्यामुळं भिंत एका निळ्याची कधी झालीच नाही. कुणाचा आभाळी, कुणाचा शाईसारखा गडद. सिंधूवहिनींचा तर एका वर्षी पार जांभळाच निघाला होता, दुकानदारानं फसवलं म्हणून त्या महिनाभर बोलत होत्या. बाहेरचा माणूस हसेल, पण आम्हाला लांबून बघूनच कळायचं कुठलं घर कुठं आहे. आमचा वाटा मधोमध होता. सासऱ्यांनी बांधलेला.

भिंतीसमोर बैलगाडीची वाट, आणि वाटेपलीकडे लगेच शेठचं पॉलीहाऊस. उन्हाळ्यात आत जीव गुदमरतो म्हणून बाजूचे पडदे दिवसभर वर गुंडाळलेले असायचे. म्हणजे आतली फुलं आणि आमची निळी भिंत दिवसभर समोरासमोर.

"माझं म्हणणं इतकंच," शेठ म्हणाले, "की यंदा भिंत पांढरी करा. रंग मी देतो. झेंड्याबद्दल मी चकार शब्द काढत नाही, तेवढं मलाही कळतं. फक्त भिंत."

"आत्ताच तर रंगवलीया, शेठ," तात्या चाचरत म्हणाले.

"म्हणून तर आत्ताच आलो. फुलं गेली तर उद्या काम कुणाचं जाणार? तुमच्याच बायका आहेत ना माझ्याकडे." हे त्यांनी अगदी हळू आवाजात म्हटलं. धमकी म्हणून नाही, काळजीनं बोलल्यासारखं. म्हणूनच ते सगळ्यांना नीट ऐकू गेलं.

माझी सासू गुणाबाई, मी त्यांना आत्या म्हणते, खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आमी रंग लावायच्या आदी न्हवतं व्हय किडं?"

"होते, गुणाबाई. थोडे होते." शेठ हसले. "माझ्यावर विश्वास नसेल तर पारखून घ्या. हे बघा." त्यांनी पिशवीतून बिनरंगाचा चिकट कागद काढला, आरपार दिसणारा. "हा भिंतीवर लावा. चार दिवस राहू द्या. रिकामा निघाला तर माणिक वाघोले पुन्हा हा विषय काढणार नाही. भरला तर भिंत पांढरी. याहून रास्त काय सांगू?"

तात्यांचा चेहरा उजळला. ज्यात कुणीच वाईट ठरत नाही असा तोडगा त्यांना फार आवडायचा. "रास्त हाय," ते म्हणाले, आणि बसलेल्यांनी माना हलवल्या. मी हलवली नाही, पण तोंडही उघडलं नाही. शेठ उठले, जयभीम म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पॉलीहाऊसमध्ये फुलं तपासत होते. फुलकिडा दिसत नाही, त्याला बाहेर बोलवावं लागतं. फुलाच्या अगदी जवळ तोंड न्यायचं आणि त्यावर हळू श्वास सोडायचा. त्या उबेनं ते पाकळ्यांतून वर येतात आणि सैरावैरा पळतात. दिवसभर मी अशी फुलांशी कानगोष्टी केल्यासारखी वाकलेली असायचे. बाकीच्या बाया हसायच्या, म्हणायच्या, विशाखाचं आज कुणाशी गुलूगुलू चाललंय. मला ते काम आवडायचं. चांगलं, बिनडागाचं फूल बादलीत गेलं की मीच काहीतरी मिळवल्यासारखं वाटायचं. नवरा टेम्पोवर होता आणि लग्नसराईत तर घरी पाहुण्यासारखा यायचा. माझा दिवस त्या फुलांतच जायचा, आणि तो मला जड जात नव्हता.

शेठ वाफ्याच्या कडेनं आले. "वस्तीत तुझं ऐकतात," ते म्हणाले. "तू सांगितलंस तर कागदाचीही गरज नाही. तुला तर सगळं माहीतच आहे."

"शेठ, हे किडे पांढऱ्यावरही बसतात," मी म्हणाले. "तुमच्या सदऱ्यावर बघा."

त्यांनी मान खाली घालून पाहिलं. पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर बारीक पिवळट रेघा चालत होत्या. ते हसले, हातानं झटकल्या. "जागेवर सापडलो म्हणायचं."

"तुमचा बंगलाही पांढराच आहे. त्याला कुठला रंग देताय?"

हे मी थट्टेत बोलले होते. आमच्यात तेवढं चालायचं. शेठही थट्टेतच उत्तर देतील असं मला वाटलं होतं. पण ते भिंतीकडे बघत म्हणाले, "पांढऱ्याचं काय गं, पांढरा कुणाचाच नसतो. हा तुमचा निळा डोळ्यात भरतो. पुण्याचे व्यापारी येतात माल बघायला. गाडीतून उतरले की समोर पहिली ती भिंत."

"मग?"

"मग काही नाही. मी आपलं किड्यांचं बोलतोय." आणि ते दुसऱ्या वाफ्याकडे गेले.

मी हातातल्या फुलावर श्वास सोडला, पण किडे आले का नाही हे काही मला दिसलं नाही. त्या तांब्याभर पाण्याचं मला इतकी वर्षं वाटलेलं कौतुक त्या एका वाक्यानं पार आटलं.

संध्याकाळी वस्तीत आले तर तात्यांनी कागद भिंतीवर लावलासुद्धा होता. नेमका मधोमध, आमच्या वाट्यावर. "गुनाबाईला इचारलं, ती हो म्हनली," ते म्हणाले. भोवती पाच-सहा जण जमले होते, जत्रेत काहीतरी बघायला मिळावं तसे.

"तात्या, कागद भरला तर?" मी विचारलं.

"न्हाई भरायचा. एवढासा किडा, भिंतीशी काय करायचंय त्याला?"

"पण भरला तर?"

"तर शेठ म्हनतात तसं. एका वर्साचा तर परश्न."

"आणि रिकामा निघाला तर?"

"तर आपन सुटलो की. शेठनी शब्द दिलाय."

"कशातून सुटलो?" मी म्हणाले. "आपण कशात अडकलो होतो?"

तात्यांना हे कळलं नाही, किंवा कळूनही मानायचं नव्हतं. "तुला नेमकी भीती कसली वाटतीया?" त्यांनी विचारलं. "किडं येत्यात असं तुला म्हाईत हाय का?"

मी पुढं झाले, कागदाचं टोक नखानं सोडवलं आणि सरकन खाली ओढला. त्याचा चिकट गोळा करून गटारात टाकला. चिकटपणा बोटांवर राहिला, तो मी पदराला पुसला.

एकदम गलका झाला. सिंधूवहिनी म्हणाल्या, "अगं, रास्त बोलनं झालं हुतं, तू का मोडलंस?" कुणीतरी म्हणालं, हिला कामाची काळजी नाही, हिचा नवरा कमावतोय. तात्या मात्र ओरडले नाहीत. म्हणाले, "आता शेठ म्हननार, ह्यांनी डरून कागद काढला. आता भिंत गेलीच म्हन. तुझ्यामुळं गेली."

आणि खरंच तसंच झालं. दुसऱ्या दिवशी शेठकडून पांढऱ्या रंगाचे डबे आले. समिती बसली. जयंती गोडीत व्हावी, बायकांची कामं टिकावी, एवढ्या वर्षाचाच प्रश्न आहे, असं सगळं बोलून झालं. ठरलं की रविवारी सकाळी वंदना झाली की ज्यानं त्यानं आपला वाटा पांढरा करायचा.

घरी आत्या माझ्याशी धड बोलत नव्हत्या. भाकऱ्या थापता थापता म्हणाल्या, "तुझा सासरा असता तर त्यानंबी मिटतं घेतलं असतं. आपल्याला हितंच ऱ्हायचंय, विशाखा."

"म्हणूनच," मी म्हणाले.

"म्हनूनच काय?"

"इथंच राहायचंय म्हणून."

आत्यांनी भाकरी तव्यावर टाकली. त्या आठवड्यात त्यांनी मला बऱ्याचदा समजावलं, कधी रागावून, कधी गोड बोलून. एकदा तर म्हणाल्या की निम्मा पांढरा कर, निम्मा ठेव. मला त्याही परिस्थितीत हसू आलं. त्याही हसल्या.

रविवारी वंदना झाली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. एरवी भिंत रंगवायची म्हणजे सणच असतो, पोरं निळी होऊन फिरतात, बाया एकमेकींना ब्रश मारतात. त्या दिवशी कुणाचा आवाज नव्हता, नुसती ब्रशांची खसखस. सिंधूवहिनी आमच्या शेजारचा वाटा रंगवत होत्या. एकदा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माझी सून बी शेठकडंच हाय गं." मी म्हणाले, "वहिनी, मी तुम्हाला काही म्हणाले का?" त्यावर त्या जास्तच जोरानं ब्रश मारायला लागल्या.

दुपारपर्यंत भिंत पांढरी झाली. मधोमध आमचा वाटा निळा राहिला. आता तो पूर्वीपेक्षाही जास्त उठून दिसत होता. मी त्याच्यापुढं बसून होते, डबा न उघडता.

ऊन कलायला लागलं तेव्हा शेठ आले, बरोबर त्यांचा मुकादम सोपान. त्या दिवशी शेठनी पाणी मागितलं नाही.

"तात्या, हे काय?" त्यांनी बोटानं दाखवलं.

"त्यो गुनाबाईच्या घरचा वाटा हाय," तात्या म्हणाले.

"ते मला कळतंय. सोपान, डबा घे."

"न्हाई, शेठ," तात्या पटकन म्हणाले. "ज्याचा वाटा त्यानंच रंगवायचा. दुसऱ्यानं ब्रश लावायचा न्हाई. आमचा नेम हाय त्यो." त्यांना मला वाचवायचं नव्हतं, पण नेमाच्या बाबतीत ते रेल्वेचे माणूस होते. सोपान डबा हातात धरून तसाच उभा राहिला.

शेठ माझ्यासमोर आले आणि उकिडवे बसले, माझ्या उंचीला. चेहरा दमलेला होता. त्या आठवड्यात लाल फुलं जवळजवळ सगळीच फेकावी लागली होती. मला त्यांची दया आली, हेही सांगून टाकते. पण दया आली म्हणून कुणी आपल्या घराची चावी देत नाही.

"विशाखा, मी भांडायला आलो नाही," ते म्हणाले. "मला फक्त एक सांग, आणि खरं सांग. तू हे किडे रोज बघतेस. ह्या निळ्यावर येतात का नाही?"

"शेठ, एकबी किडा दिसला न्हाई," तात्या मध्येच म्हणाले. "आमी समद्यांनी बघितलं. उगं कशाला..."

"आलेत, तात्या," मी म्हणाले.

तात्यांनी चष्मा काढला.

"मागच्या रविवारी मी हा वाटा रंगवला, तेव्हाच आले," मी म्हणाले. "रंग ओला होता. मी दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाला चिकटलेले होते, खसखस टाकावी तसे. नख लावून बघा, अजून आहेत रंगात."

मी स्वतःच नख लावलं. वाळलेल्या निळ्या रंगातून बारीक काळपट रेघा खरवडून आल्या. बोट शेठपुढं धरलं. त्यांनी नीट पाहिलं. त्यांना ओळख पटायला वेळ लागला नाही. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला, मला वाटतं त्या महिन्यात पहिल्यांदाच.

"मग झालं तर," ते म्हणाले. "तूच सांगितलंस. आता पुस."

"पुसणार नाही."

"अगं, पण येतात म्हणतेस ना?"

"येतात. निळ्याला येतात हे तुमचं खरं आहे, शेठ. तरी पुसणार नाही."

"का?"

"तुमच्या फुलांसाठी आम्ही आमचा रंग काढायचा का, एवढाच प्रश्न आहे. त्याला मी नाही म्हणते. किडे आले तरी नाही आणि नसते आले तरी नाही. तुमचा तो कागद रिकामा निघाला असता तर काय झालं असतं? आमच्या भिंतीला निळी राहायची परवानगी मिळाली असती. मला ती परवानगीच नकोय. म्हणून मी कागद ओढून काढला. तसा तो भरलेलाच निघणार हेही मला माहीत होतं."

सोपाननं डबा खाली ठेवला.

शेठ हळूच उठले, गुडघे झटकले. "मी तुम्हाला कधी वेगळं मानलं का?" त्यांनी विचारलं. खरंच दुखावलेला आवाज होता. "तुमच्या घरचं पाणी पितो मी."

"पाणी प्यायलात ते आम्ही दिलं म्हणून," मी म्हणाले. "आम्ही कधी म्हटलं का, आधी तुमचा बंगला निळा करा, मग पाणी देऊ?"

मागून कुणीतरी हसू दाबलं. शेठचे कान लाल झाले. ते आत्यांकडे वळले. "गुणाबाई, सुनेला काही समजवा."

आत्या खांबाचा आधार सोडून पुढं आल्या. "आठ दिस समजावतीया, शेठ," त्या म्हणाल्या. "आता मलाच समजलंय."

शेठ माझ्याकडे वळले. मग मला म्हणाले, "उद्यापासून कामावर येऊ नकोस."

"बरं," मी म्हणाले.

ते गेले. सोपानही डबा तिथंच सोडून त्यांच्या मागं गेला. मला त्या वेळी शूर वगैरे काही वाटलं नाही. उद्या सकाळी कुठं जायचं हा विचार आला, आणि माझ्या हातानं वाढलेल्या त्या जरबेऱ्याची आठवण झाली. रडले नाही. एवढ्या लोकांत रडायला लाज वाटली.

तात्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "तुला पयल्या दिवसापासनं म्हाईत व्हतं?"

"हो."

"मग मला सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी भिंत पांढरी केली असती."

तात्यांनी मान वर करून भिंतीकडे पाहिलं. नुसती पांढरी, लांबच्या लांब, आणि मध्ये आमचा वाटा. आता कुणाचं घर कुठं आहे ते काही ओळखू येत नव्हतं. इतके दिवस सगळ्यांचा एकच धोशा होता की किडे येतच नाहीत. तो आधार मी काढून घेतला होता. आता प्रत्येकाला आपापल्या मनाशी काय ते ठरवायचं होतं, आणि ते सोपं नव्हतं हे त्यांच्या तोंडांवर दिसत होतं.

आत्या घराकडे गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात आमचा रंगाचा डबा होता, मागच्या रविवारचा उरलेला. झाकण पक्कं बसलं होतं. त्यांनी ते चमच्याच्या दांड्यानं उचकटलं, आत बघितलं आणि डबा पायरीवर ठेवला.

"एवढा उरलाय," त्या म्हणाल्या. "कुनाला लागतोय का?"

सिंधूवहिनींनी डोक्यावरचा पदर नीट केला, परत नीट केला. तात्या खोकले. मग म्हणाले, "एवढ्यात काय व्हतंय, गुनाबाई. माझ्या घरी बी आर्धा हाय. त्यो आनतो." आणि काठी घेऊन उठले.

अंधार पडेपर्यंत भिंत निळी झाली. पांढऱ्यावर निळा नीट बसत नव्हता, ठिकठिकाणी खालचा पांढरा डोकावत होता. सिंधूवहिनींनी शेजारच्या तिघांचा उरलेला रंग एकत्र केला, त्यामुळं त्यांच्या वाट्याला यंदाही भलताच रंग आला. सूनबाईचं काम जाईल म्हणून त्या रंगवता रंगवता डोळे पुसत होत्या, पण ब्रश थांबवला नाही.

सिंधूवहिनींच्या सुनेचं काम गेलं नाही. लग्नसराईत शेठना हात हवे होते, सगळ्या वस्तीला घरी बसवणं त्यांना परवडणारं नव्हतं. गेलं ते माझंच, आणि ते कायमचं गेलं. पुढं मी महामार्गापलीकडच्या एका नर्सरीत लागले. ती दूर होती, पायपीट फार व्हायची, तिथली फुलं मला तेवढी कधी आवडली नाहीत. माणिकशेठनी पुढं जरबेरा काढून ढोबळी मिरची लावली. वाटेत भेटले की बोलायचे, कशी आहेस म्हणायचे. मीही बोलायचे. पण वस्तीत येऊन त्यांनी पुन्हा कधी पाणी मागितलं नाही, आणि कुणी त्यांना विचारलंही नाही.

याला आता वीसेक वर्षं झाली. तात्या गेले, आत्या गेल्या. आमचा वाटा अजून मीच रंगवते, सुनेला देत नाही. दर वर्षी एका टोकापासून सुरुवात करते आणि दुसऱ्या टोकाला पोचले की मागं वळून वाकून बघते. ओल्या निळ्यात फुलकिडे असतातच. मी ब्रश बुडवते आणि त्यांच्यावरून रंगाचा दुसरा हात मारते.